तलावाकाठची टेलिफोनबाई

मासे ऐकत नाहीत असं पोस्टमास्तर कधीच म्हणाले नव्हते. उलट मासे फार ऐकतात, म्हणून माणसाने पाण्याकाठी तोंड उघडू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. आत्याचंही मत हेच, की मासे फार ऐकतात. फक्त तिचं पुढचं वाक्य असं असे, की ऐकतात तर मग त्यांच्याशी बोलायला नको का? एका मुद्द्यावर पूर्ण एकमत असलेली दोन माणसं किती वर्षं भांडू शकतात हे ज्याला बघायचं असेल, त्याने शहराला पाणी पुरवणाऱ्या त्या तलावावर सुट्टीच्या सकाळी यावं, एवढं ते भांडण प्रसिद्ध होतं.

भांडण तरी कसलं, बोलायची एकटी आत्या. पोस्टमास्तर पाण्याकाठी बोलत नसत, त्यामुळे ते नुसते डोळे वटारून बघत. फारच झालं तर खिशातून कागद काढून त्यावर सुवाच्य अक्षरात ‘कृपया शांतता’ असं लिहीत आणि तो कागद लोखंडी कठड्याला चिमट्याने लावून ठेवत. त्यांचा जन्म पत्रांच्या गठ्ठ्यांत गेला होता. ज्याला काही सांगायचं आहे त्याने ते लिहून सांगावं, म्हणजे निम्मं जग आपोआप गप्प बसेल, हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि आत्याचा जन्म गेला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून शहरातल्या माणसांना एकमेकांशी जोडून देण्यात. या दोघांचं जमावं तरी कसं?

चिंगी ही आत्याच्या भावाची मुलगी. आज ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, दोन मुलांची आई आहे, केसांत चांगलं पांढरं दिसायला लागलं आहे, पण आत्याने ठेवलेलं नाव काही तिला सोडत नाही. लहानपणी ही मुलगी घरात कोणाला आवरत नसे. जेवताना उठायची, वर्गात उठायची, झोपेतसुद्धा पलंगाच्या या टोकाची त्या टोकाला जायची. तिच्या आईने शेवटी हात टेकले आणि नणंदेला सांगितलं, की सुट्टीच्या दिवशी हिला ने बाई कुठेतरी, मला जरा घर आवरू दे. नणंद सुट्टीच्या दिवशी एकाच ठिकाणी जायची.

एका जागी बसून राहण्याचा हा उद्योग या मुलीला मानवेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती बसलीच नाही. तिने गांडुळांचा डबा उपडा केला, एक बूट पाण्यात घालवला आणि घरी जायचंय म्हणून भोकाड पसरलं. आत्याने समजूत काढली नाही आणि दटावलंही नाही. तिने गळ पाण्यात टाकला, तंगुसाचा तो पारदर्शक दोरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलकेच धरला आणि एक्स्चेंजमधल्या त्या गोड, जरा नाकातल्या आवाजात म्हणाली, “हॅलो, कोण बोलतंय?”

भोकाड मध्येच थांबलं.

“आवाज फार बारीक येतोय. लहान मासा दिसतोय. बाळ, घरात मोठं कोणी आहे का?” मग चिंगीकडे वळून, “नाही म्हणतो. तू बोलतेस त्याच्याशी?”

आणि तिने तो दोरा चिंगीच्या चिमटीत दिला. बोटांना खरोखरच काहीतरी लागलं. टकटक, मग काही नाही, मग पुन्हा टकटक. त्या काळ्या-हिरव्या पाण्याच्या पोटातून न दिसणारं कोणीतरी आपल्याशी बोलतंय, हे चिंगीला कळलं आणि ती बसली. अशी स्वस्थ ती पुढे आयुष्यात दोनच ठिकाणी बसू शकली, एक तलावावर आणि दुसरं भिंगाच्या चाकापुढे, आणि दोन्हीकडे कामाला आली ती बोटांची तीच चिमटी. तिच्या आईला मात्र शेवटपर्यंत संशय होता, की नणंदेने पोरीला कसलीतरी गोळी दिली असावी.

आत्याच्या भाषेत सगळं टेलिफोनचंच होतं. आमिष कुरतडून पळणारा मासा म्हणजे राँग नंबर. दगडात अडकलेला गळ म्हणजे लाइन खराब. मासा नीट लागला की ‘थांबा, जोडून देते’. आणि एकदा जोडून दिलं की मग तिची एकच शिकवण, ढील दे. मासा जोर करतो तेव्हा आपण जोर करायचा नाही. त्याला जाऊ द्यायचं, दोरा सोडायचा, तो दमला की मग हळूच घ्यायचा. चिंगीचा स्वभाव नेमका उलटा, हातात आलं की ओढायचं. त्यामुळे सकाळभर काठावर आत्याचा गजर चाले, “ढील दे चिंगे, ढील दे.” पुढे चिंगी प्रेमात पडली तेव्हा, दुकानाच्या मालकाशी भांडून नोकरी सोडायला निघाली तेव्हा, थोरल्या मुलाशी तिने अबोला धरला तेव्हाही आत्याने सांगितलं ते एवढंच, आणि दर वेळी ते लागू पडलं.

दुसरी शिकवण गाठीची. गळाला दोरा बांधताना गाठ आवळण्याआधी ती ओठांत धरून ओली करायची. कोरडी आवळली तर दोरा स्वतःवरच घासून आतल्या आत कमजोर होतो. वरून काही दिसत नाही, पण मोठा मासा लागला की नेमका तिथेच तुटतो. “कोरडी गाठ आणि कोरडी माया, दोन्ही ऐन वेळेला दगा देतात,” असं आत्या म्हणायची आणि गाठ ओठांत धरल्यामुळे तेवढा वेळ गप्प बसायची. पोस्टमास्तरांच्या मते गाठीचा खरा फायदा तो होता.

आता मोठा मासा म्हणायचा तर त्या तलावात एकच होता आणि त्याचं नाव होतं जावई. नाव अर्थात आत्याने ठेवलेलं. येतो, पोटभर खातो, तोंड पुसून निघून जातो आणि वर सगळ्यांनी त्याचंच कौतुक करायचं. पंपघराच्या भिंतीला लागून, जिथे मोठा पाइप पाण्यात उतरतो, तिथे त्याचा मुक्काम. पोस्टमास्तरांचे कितीतरी गळ त्याने नेले होते आणि आत्याची तर अख्खी काठीच नेली होती. चिंगीचा नवरा, म्हणजे घरातला खरा जावई, हे नाव ऐकून आधी रुसला. मग एकदा तलावावर आला असताना त्याने त्या माशाची उसळी पाहिली, काळीभोर पाठ आणि उशीएवढी रुंदी, आणि त्या दिवसापासून तो लोकांना सांगू लागला, की आत्यांना दोन जावई आहेत, त्यातला मी धाकटा.

आणि मग आत्याचं बोलणं गेलं.

एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून निसटला आणि उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून ती चिंगीच्याच घरी आली. हळूहळू पाय थोडा सुधारला, हात थोडा सुधारला. तोंडातून शब्द मात्र फुटेना. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, जीभ ठीक आहे, समजतं सगळं, फक्त डोक्यातला शब्द तोंडापर्यंत यायची वाट तुटली आहे. म्हणजे लाइन तुटली, असं चिंगीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ऐकून हसणारी एकच बाई त्या खोलीत होती आणि तिला हसवायचा तो दिवस नव्हता.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई घरी येऊ लागल्या. वयाने लहान, हसऱ्या आणि चिवट. त्या चित्रांचे पत्ते टेबलावर मांडत. कप, चेंडू, घर. म्हणा आत्या, क, कप. आत्या भिंतीकडे बघे. जिने उभ्या शहराला ‘कृपया थांबा’ सांगितलं आणि शहर थांबलं, तिला कोणीतरी कप म्हणायला सांगत होतं. तोंडातून जे काही येईल ते अर्धवट येईल, बोबडं येईल, हे तिला ठाऊक होतं, आणि आयुष्यभर आवाजावर पोट भरलेल्या बाईला त्याची लाज वाटत होती. म्हणून ती प्रयत्नच करत नव्हती. चिंगीला हे स्वच्छ दिसत होतं आणि त्यावर काय करावं ते सुचत नव्हतं.

बाईंनी चिंगीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, की शब्द परत यायचा खरा काळ हाच आहे आणि तो हातातून चालला आहे. या काळात जे प्रयत्न सोडतात त्यांचं गप्प राहणं मग कायमचं होतं. एक मात्र आहे, त्या म्हणाल्या. जे वाक्य माणसाने आयुष्यात असंख्य वेळा, विचार न करता म्हटलेलं असतं, ते कधीकधी आपलं आपण बाहेर पडतं. कोणाची शिवी असते, कोणाचं आणखी काही. असा एक शब्द जरी आला तरी पुढचं मी बघते.

चिंगीने लगेच घरातला फोन वाजवून आत्याच्या हातात दिला. हॅलो तरी म्हणेल. आत्याने फोनकडे बघितलं, चिंगीकडे बघितलं आणि फोन तिला परत केला.

चिंगीला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. ज्या आवाजाने तिला पहिल्यांदा एका जागी बसवलं, तो आवाज पुन्हा कानावर येणार नव्हता. त्या विचाराने तिला दुकानात भिंग घासता घासता रडू फुटायचं. आणि चष्म्याच्या दुकानात कोणी रडायला लागलं की गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याच डोळ्यांचं काहीतरी निघालं, त्यामुळे मालकाने तिला दोनदा आतल्या खोलीत पाठवलं.

मग एक दिवस बाईंच्या पत्त्यांत मासा निघाला. आत्याने पहिल्यांदाच हात पुढे केला. डाव्या हाताने ते चित्र उचलून तिने डोळ्यांजवळ नेलं. बाईंनी श्वास रोखला. आत्याने चित्र उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि असं काही भिरकावलं, की ते थेट कपाटाखाली गेलं. बाईंचा चेहरा पडला. चिंगीने वाकून चित्र काढलं आणि बघितलं. चित्रकाराने माशाच्या पाठीवरचा पर शेपटीपाशी नेऊन चिकटवला होता आणि तोंडावर माणसाचं हसू काढलं होतं. चिंगीला इतका आनंद झाला, की तिने बाईंना दुसरा चहा पाजला. माशाच्या बाबतीत कोणी चुकलेलं आत्याला अजूनही सहन होत नव्हतं.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तर भेटायला आले. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर टोपी. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. पाणी जवळपास नसतानाही गप्प बसायची त्यांना सवय झालेली. शेवटी टोपी फिरवत म्हणाले, “तलाव फार शांत झालाय.”

चिंगी म्हणाली, तुम्हाला तेच हवं होतं ना.

“हो. मागून घेतलं ते मिळालं. आता तिथे बसवत नाही.” मग त्यांनी आत्याकडे बघितलं, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच डोळे न वटारता. “मासेही यायचे थांबलेत. एक्स्चेंज बंद पडलं असं वाटत असेल त्यांना.”

आत्याच्या ओठाची डावी कड जराशी हलली. पोस्टमास्तरांना ती दिसली नाही, कारण ते टोपीच्या आत काहीतरी शोधत होते. त्यांना पोचवायला दारापर्यंत गेलेल्या चिंगीने तिथेच आपला बेत सांगून टाकला. आत्याला तलावावर न्यायचं आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळं चुकीचं करायचं. जिने जन्मभर चिंगीची एक चूक पोटात ठेवली नाही, ती आता किती दम काढेल?

पोस्टमास्तरांनी विचारलं, त्यात माझं काम काय. चिंगी म्हणाली, तुम्ही नेहमीसारखे गप्प बसा. ते म्हणाले, जमेल.

सुट्टीच्या सकाळी चिंगीच्या नवऱ्याने आत्याची चाकांची खुर्ची पंपघराशेजारच्या सपाट काँक्रीटवर आणून लावली आणि चाकांना विटा लावल्या. काठावरच्या नेहमीच्या मंडळींनी आपापल्या जागेवरून माना डोलावल्या. पोस्टमास्तर थोड्या अंतरावर, कठड्याला टेकून, पाण्याकडे बघत असल्यासारखे बसले होते. त्यांनी त्या दिवशी काठीसुद्धा आणली नव्हती.

चिंगीने सुरुवात केली. आधी ती मुद्दाम सूर्याकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे सावली थेट पाण्यावर. आत्या गप्प. मग तिने काठावर धपधप पाय आपटले. आत्याची भुवई हलली. मग तिने आमिष असं लावलं, की गळाचं टोक सगळ्या तलावाला दिसावं. आत्याच्या नाकपुड्या फुलल्या. चिंगीला वाटलं, आता येतोच शब्द. तिने गळ काढून दोरा नव्याने बांधायला घेतला, अगदी आत्याच्या नाकासमोर, आणि गाठ ओठांजवळसुद्धा न नेता कोरडीच कर्रकन आवळली. त्या आवाजाने तिचे स्वतःचेच दात शिवशिवले. एवढ्या वर्षांत तिने अशी गाठ मारली नव्हती, बोटं तयारच नव्हती, त्यांना जवळजवळ दटावावं लागलं.

आत्याने गाठीकडे बघितलं. मग चिंगीच्या चेहऱ्याकडे. मग तिने अशी नजर टाकली, जी एक्स्चेंजमध्ये थट्टेचे फोन करणाऱ्या टारगटांसाठी राखून ठेवलेली असणार, आणि तोंड पंपघराकडे फिरवलं. सगळं नाटक तिच्या लक्षात आलं होतं. शेंबड्या पोराच्याही आलं असतं.

नवरा थर्मासमधला चहा ओतू लागला. पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. एवढाच काय तो डाव होता आणि तोही वाया गेला होता. चिंगीने तो गळ, तशाच गाठीचा, पंपघराच्या भिंतीजवळ पाण्यात टाकला आणि काठी हातात धरून आत्याच्या खुर्चीला टेकून खाली बसली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, आणि जन्माची सवय म्हणून, तिने काठीवरून जाणारा दोरा आत्याच्या डाव्या हाताच्या चिमटीत दिला. बोलायचं नसेल तर नको बोलू, ऐक तरी, असं ती पुटपुटली. आत्याची बोटं दोऱ्यावर आपोआप मिटली.

बराच वेळ काहीच झालं नाही. बुचाचा लाल तुकडा पाण्यावर उगाच डुलत होता. नवऱ्याने आणलेला चहा गार झाला. पंपघरातलं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

मग चिंगीला जाणवलं, की खुर्चीतली पाठ ताठ झाली आहे. तिने वर बघितलं. बूच अजून जागच्या जागी होतं, पण आत्याची चिमटी अगदी किंचित सैल झाली होती, दार वाजल्यावर माणूस हातातलं काम जसं थांबवतो तशी. आणि बूच डुललं नाही की नाचलं नाही. ते सरळ खाली गेलं आणि वर आलंच नाही.

काठी कमानीसारखी वाकली. असा हिसका त्या तलावात एकाचाच होता. पोस्टमास्तर उठून उभे राहिले.

चिंगी सगळं विसरली. बेत विसरली, गाठ विसरली, चाळिशी उलटलेलं आपलं वयही विसरली. ती पायांवर उभी राहिली आणि पहिल्या दिवशी ओढलं असतं तसं दोन्ही हातांनी ओढलं. दोरा पाण्यातून वर आला आणि तारेसारखा झणझणू लागला.

“ढ.”

चिंगीला वाटलं, खुर्चीचं चाक कुरकुरलं.

“ढील!”

तो आवाज गोड नव्हता. घोगरा होता, एका बाजूने सांडलेला होता, गंज चढलेल्या नळातून पहिलं पाणी यावं तसा अडखळत आला होता. पण चिंगीच्या हातांनी तो तिच्याआधी ओळखला. हात सैल पडले, रीळ किंचाळत फिरलं, आणि दोरा सुसाट निघाला. चिंगी मागे वळली. आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे पाण्यावर खिळले होते आणि ओठ पुढच्या शब्दाशी झटापट करत होते.

“गाठ,” आत्या म्हणाली. “को... कोरडी.”

चिंगीने स्वतःच्या हाताने मारलेली गाठ, जन्मभर टाळलेली नेमकी ती गाठ, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जावई. ज्या नाटकाला आत्या फसली नव्हती, त्या नाटकातली एकच गोष्ट खरी होती आणि तीच आत्याने मनात धरून ठेवली होती. गाठीवर जोर आला की सगळं संपलं. आणि चिंगीला आता तो मासा जाऊन चालणार नव्हता. तो दोऱ्यावर होता तोवर आत्या बोलत होती.

“सांग मला,” चिंगी म्हणाली. “तू सांगशील तसं.”

आत्याने डोळे मिटले. दोरा तिच्या डाव्या चिमटीतून सरकत होता, आणि ती ऐकत होती. “थांब,” ती म्हणाली. चिंगी थांबली. “घे. हळू.” चिंगीने हळू घेतलं. “ढील.” चिंगीने सोडलं. जावई पंपघराच्या पाइपकडे निघाला, तिकडे गेला तर दोरा लोखंडावर घासून तुटणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तेवढ्यात काठावर एक भयंकर आरडाओरडा सुरू झाला.

“अडव त्याला! डावीकडे घे! अगं डावीकडे, पाइप आहे तिथे!”

काठावरची यच्चयावत मंडळी वळून बघायला लागली. पोस्टमास्तर कठड्याच्या कडेने धावत होते, टोपी हातात घेऊन ती पाण्यावर हलवत होते आणि उभ्या आयुष्यात पाण्याकाठी न बोललेलं सगळं एका दमात बोलून घेत होते. एक म्हातारा तर आपली काठी टाकून उठला, कारण पोस्टमास्तर ओरडताहेत म्हणजे कोणीतरी बुडालं असणार, अशी त्याची खात्री झाली होती.

आणि जावई वळला. पोस्टमास्तरांना घाबरून वळला की दमून वळला, यावर तलावावर अजून दोन मतं आहेत. आत्या म्हणत राहिली आणि चिंगी करत राहिली. थांब. घे. ढील. घे. शब्द मोजकेच होते, तेच पुन्हा पुन्हा येत होते, आणि दर वेळी आधीपेक्षा जरा मोकळे येत होते. चिंगीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायला हात रिकामा नव्हता. ती मोठ्याने हसतही होती. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

अखेर ती काळी पाठ पायऱ्यांशी आली. नवरा बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरला आणि धाकट्या जावयाने थोरल्याला हातजाळीत घेतलं. जाळी वर उचलली त्याच क्षणी टुक् असा बारीक आवाज झाला आणि दोरा रिकामाच चिंगीच्या अंगावर आला. गाठ तुटली होती. फक्त तिने वाट बघितली होती.

नवऱ्याने जाळी अर्धी पाण्यात ठेवूनच खुर्चीजवळच्या पायरीला आणली आणि माशाच्या तोंडातून गळ सोडवला. चिंगीने आत्याला वाकायला आधार दिला. आत्याने उजवा हात उचलला, तोच आजारी, थरथरता हात, आणि त्या रुंद ओल्या पाठीवर बोटं टेकली.

“हॅलो,” ती म्हणाली.

मग तिने मान हलवली आणि नवऱ्याला कळलं. त्याने जाळी तिरपी केली. जावयाने एकदा शेपूट मारून सगळ्यांना भिजवलं आणि नेहमीप्रमाणे काही न देता निघून गेला.

पोस्टमास्तरांचं मात्र अजून चालूच होतं. ते कठड्यावरून वाकून वाकून काठावरच्या प्रत्येकाला सांगत होते, बोलली, ती बोलली, ऐकलंत ना, माशाशी बोलली, आधी चिंगीशी बोलली. त्यांचे गाल ओले होते आणि आवाज फाटला होता. तलावावरचा उरलासुरला एकूण एक मासा पळाला असणार.

आत्या खुर्चीत मागे टेकली. तिने श्वास घेतला, मान जराशी तिरपी केली, पूर्वी हेडफोन सारखा करायची तशी, आणि ओठांची सगळी जुळवाजुळव होईपर्यंत घाई केली नाही. मग तलावाने कितीतरी दिवसांनी ते नाकातलं, गोड बोलणं ऐकलं.

“मास्तर,” आत्या म्हणाली, “कृपया शांतता.”

पोस्टमास्तरांनी साफ नकार दिला.